चढापुरतं वजन

"चार वाजता माणूस गाडी बघायला येणार आहे," चारुशीलाबाईंनी सकाळीच सांगून टाकलं. "त्याला पसंत पडली तर आजच निकाल."

अकोल्याच्या कोर्टात पस्तीस वर्षं वकिली केलेल्या हरिहररावांनी जन्मभर पुढची तारीख मागून घेतली होती. घरात ती सोय नव्हती. मागच्या महिन्यात हौसेनं त्यांनी आपल्या जुन्या छोट्या गाडीचं इंजिन खोललं, नवे पिस्टन टाकले, हेड घासून घेतलं. आणि तेव्हापासून गाडी चढावर लाह्या फुटल्यासारखी तडतडायला लागली. त्या आवाजात गाडीनं अमरावतीला माहेरी गेलेल्या चारुशीलाबाई येताना एकट्याच एसटीनं परतल्या होत्या.

हरिहररावांनी मेकॅनिक कुंदनला फोन लावला. तो नेमका चांदूर बाजारला मेहुण्याकडे गेलेला.

"काका, हेड घासलं ना, मंग टायमिंगची कंपनीची खूण आता कामाची नाई," तो म्हणाला. "ठिणगी लवकर पडून राहिली. चार माणसं बसवा, चढावर घ्या. तडतडली का डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करून केसभर मागं फिरवा. जास्त फिरवलं त गाडी ओढणार नाई."

"चल ना जरा, आवाज गेला तर विकायची गरजच नाही," हरिहरराव बायकोला म्हणाले.

"मी वजन म्हणून कुठेही येणार नाही."

फोन चार्जिंगलाच विसरून, पाना खिशात टाकून ते एकटेच निघाले. पातूर रोडच्या नाक्यावर त्यांच्या नेहमीच्या भाजीवाल्या गंगूबाई दिसल्या. सोबत नवरा किसनराव, नव्या कुर्त्यातला मुलगा योगेश, नणंद इंदूबाई आणि पेढ्यांचे दोन डबे.

"कुठं निघाले?"

"पातूरले. योगेशचं साक्षगंध हाय," किसनराव म्हणाले. "काळीपिवळी टॅक्सीत सारे पाव्हणे मावले, नवरदेवच उरला."

हरिहररावांनी चौघांवरून नजर फिरवली. किसनराव अंगानं भरलेले, इंदूबाई त्यांच्याहून. असं वजन शोधून सापडलं नसतं.

"बसा. पण मी पुढच्या चढापर्यंतच येईन हं. मला वजन पाहिजे."

कोणाला काय पाहिजे याची चौकशी न करता चौघं बसले.

कापशीपुढच्या चढाला गाडी तडतडली. वर पोचल्यावर हरिहररावांनी बॉनेट उघडलं, बोल्ट ढिला केला, केसभर फिरवलं.

"उतरू काय आता?" गंगूबाईंनी विचारलं.

"आता कुठं? परत चढ लागेल ना पाहायला." आणि पुढचा चढ पातूरच्याच बाजूला होता.

तिथं तडतड निम्मी झाली. त्यांनी आणखी फिरवलं. हा केस जरा जाड निघाला. तिसऱ्या चढावर आवाज पार गेला, पण गाडी मधेच थकून उभी राहिली. नवरदेव उतरले आणि कुर्त्याच्या बाह्या सावरून ढकलायला लागले.

"आवाज त गेला, पण त्याच्यासंग जीवबी गेला," गंगूबाई म्हणाल्या.

"तडतडे तवाच बरी होती," इंदूबाई म्हणाल्या. "चालत त होती."

हरिहररावांनी घाम पुसला, अर्धा केस परत पुढं आणला. चौथ्या चढावर गाडी पाच माणसं आणि दोन डबे घेऊन, हूं की चूं न करता, वर गेली. ते इतके हरखले की बोल्ट त्यांनी दोनदा आवळला. मग समोर दगड दिसला: पातूर, तीन किलोमीटर. इथं नवरदेवाला उतरवणं त्यांच्या कुठल्याच कायद्यात बसत नव्हतं.

साखरपुड्याच्या मांडवाच्या दारात नवरी रूपालीच्या वडिलांनी त्यांनाच आधी कुंकू लावलं आणि खांद्यावर शेला टाकला.

"अहो, मी फक्त टायमिंगसाठी आलो होतो."

"आले ना साहेब बराबर टायमावर. अजून दहा मिनटं लागले असते त मुहूर्त गेला असता."

त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं, आग्रह करकरून जेवू घातलं. घरी परतले तेव्हा साडेपाच झाले होते. टेबलावर चहाचे दोन रिकामे कप होते.

"तो माणूस आला होता?"

"आला. चहा पिऊन गेला."

"काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? मीच म्हणाले, गाडी विकायची नाही."

हरिहररावांनी खांद्यावरचा शेला काढून खुर्चीवर ठेवला.

"गंगूबाईचा मला फोन आला होता," चारुशीलाबाई म्हणाल्या. "बारा तारखेला लग्न धरलं. रडत होती बिचारी, वकीलसाहेब नसते तर सोयरीक मोडली असती म्हणे. आणि नवरदेव याच गाडीतून जाणार. तुम्ही मशीन त्यांच्याच वजनावर बसवलीय, दुसऱ्या कोणाला विकली तर बिघडेल, असं सांगत होती. खरं आहे का हो हे?"

इंजिनाच्या बाबतीत हरिहरराव बायकोशी आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

"अगदी खरं," ते म्हणाले.