गुलाबरावांची भिंत

गुलाबरावांच्या बैठकीच्या भिंतीवर रंगांचे अकरा चट्टे होते. सौंसरला आमच्या गल्लीत येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो दूधवाला असो की पोस्टमन, त्यातला एक त्या भिंतीसाठी निवडावा लागे. निवडल्याशिवाय सुटका नव्हती.

"आधी चहा घ्या, मंग सांगा. रिकाम्या पोटी रंग फिका दिसते," असं म्हणून ते स्टोला पंप मारायला बसत.

गुलाबराव गुरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झाले होते. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, एकुलती मुलगी मुलताईला दिलेली. गवंडी, सुतार, पेंटर यांच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. घराचं सारं काम स्वतःच्या हातानं, आणि एकही काम पुरं नाही. पांढुर्ण्याहून संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या आणून त्यांनी भिंतीला फळ्या ठोकल्या. त्या इतक्या कललेल्या की डबे आपोआप खाली येत. मी दाखवून दिलं तर म्हणाले, "उतार मुद्दाम ठेवला, गुरुजी. धूळ बसत नाही." खिडकीसाठी भिंत फोडली, ती डावीकडे वाढवावी की उजवीकडे यावर अख्ख्या गल्लीचं मत घेतलं आणि दोन वर्षं तिथं बारदान लोंबत ठेवलं. कधी होणार असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "अंदाज घेऊन राहिलो."

मी शाळामास्तर. अर्धवट सोडलेली वही पाहिली तरी माझं डोकं फिरतं. दिवाळीच्या सुटीत गुलाबराव आठ दिवस मुलीकडे गेले, किल्ली आमच्याकडे ठेवून. मी बायकोला मदतीला घेतलं आणि कामाला लागलो. फळ्या सरळ केल्या, खिडकीला चौकट बसवली, अकरा चट्ट्यांवरून फिकट निळ्या डिस्टेंपरचे दोन हात मारले. माझी कंबर धरली, पण मी भलताच खूश होतो.

परत आल्यावर गुलाबरावांनी पिशवी हातात घेऊनच निळ्या भिंतीवरून हात फिरवला. "निपटलं म्हणायचं," एवढंच बोलले. मला वाटलं, गहिवरले.

पुढच्या पंधरा दिवसांत त्यांच्याकडे कोणी गेलं नाही. पोस्टमन पत्र फाटकातूनच टाकी, दूधवाला ओट्यावर दूध मापून पुढे जाई. मत द्यायला काही उरलंच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीही गेलो नाही. काम झालं होतं, मग जायचं कशाला?

एका रविवारी सकाळी त्यांच्या घरातून खरखर ऐकू आली. जाऊन बघतो तर गुलाबराव खुरप्यानं माझा निळा रंग खरवडत होते. मला पाहून चोरी पकडल्यासारखे ओशाळले.

"इथं जरा फुगला होता," ते म्हणाले. रंग कुठंही फुगला नव्हता. मग खाली बघत हळूच म्हणाले, "तुमी लय मेहनत केली, गुरुजी. पण दिवसभर कोणाशी बोलणंच होऊन नाही राहिलं."

मला माझीच लाज वाटली. भिंतीला भिंत लागून राहत होतो, आणि एवढं कळलं नव्हतं.

"फुगलाय खरा," मी म्हणालो, आणि त्यांच्या हातातलं खुरपं घेऊन खरवडायला लागलो. सवयीनं हात भराभर चालू लागला.

गुलाबरावांनी माझं मनगट धरलं.

"हळू, गुरुजी," ते म्हणाले. "आजच कायले संपवता?"