बाळंतिणीला सांगायचं नाही

आमच्या जिल्ह्यात डोंगर फोडायचा असेल, तर त्यावरच्या प्रत्येक जिवाला त्याचा धोका तोंडी सांगावा लागतो, आणि शेवटच्याने 'ऐकलं' म्हटल्याशिवाय सुरुंग लावता येत नाही.

हे काम मृणालिनी राऊळ करीत. बुरांब्याच्या डोंगरावर खाण होणार होती. त्यांनी फुलपाखरांना सांगितलं, खेकड्यांना झऱ्यात उभं राहून सांगितलं. बेडूक 'ऐकलं' म्हणून गप्प झाले, ते अजून बोललेले नाहीत. राऊळबाईंना घरी जेवण जाईना. आता उरलं होतं धनेश पक्ष्यांचं एक जोडपं.

नर बेहड्याच्या फांदीवर बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, 'ऐकलं' म्हणाला, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "बायल आत आसा, ढोलीत. तिका आत्ता सांगू नकात."

धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते, दार लिंपून घेते, आणि पिल्लू मोठं होईपर्यंत नवरा तिला फटीतून भरवतो. पण नियमाला दोघांचंही 'ऐकलं' लागत होतं. कार्यालयातून नाबरसाहेबांचा फोन आला. "फटीतून सांगा. यंत्रं पायथ्याशी आलीत."

राऊळबाई शिडी लावून वर चढल्या.

"कोण गो?" आतून आवाज आला.

"मी राऊळ. कार्यालयातून आलेय."

"ह्यांका काय झाला नाय मा?"

बाईंनी फटीतून पाहिलं. पिसं झडलेली ती, अंड्यावर अंग पसरून बसली होती.

"ते बरे आहेत. तुमचीच चौकशी करायला आले. खाणं जातंय ना?"

"जाता. उंबरां गोड आसत ह्या वर्सा."

खाली येऊन बाईंनी साहेबांना कळवलं, "ती बाळंतीण आहे. बाळंतिणीला असलं काही सांगत नाहीत."



"खरं आहे," साहेब म्हणाले. "नाही सांगत."

त्यांनी तसा नियमच केला: डोंगरावर बाळंतीण असेपर्यंत वाईट काही बोलायचं नाही, की सुरुंग वाजवायचा नाही.

धनेशीण पिल्लाला घेऊन बाहेर आली, तेव्हा शेकरू बाळंत होती. शेकरू उठली, तोवर उदमांजराचे दिवस भरले. डोंगर अजून बाळंतिणीवाचून राहिलेला नाही.

परवा खवल्या मांजराला मुलगी झाली. नाबरसाहेब स्वतः जाऊन आले. दोघी बऱ्या आहेत.