लोखंडे सर आणि दह्यातली वडीलधारी मंडळी

जिवाणूंना एकेरीत बोललेलं लोखंडे सरांना मुळीच खपत नसे. शिरूरच्या आमच्या शाळेत ते नववीला जीवशास्त्र शिकवत. "दह्यात जिवाणू असतो," असं कुणी म्हटलं की सर लगेच अडवायचे. "असतात म्हणावं! आपल्या पणजोबाच्या पणजोबाआधीपास्नं हायेत ते. वडीलधारी मंडळी हाय ती."

शाळेत सूक्ष्मदर्शक एकच. त्यात डोकावण्याआधी सर चष्मा पुसायचे, केसांवरून हात फिरवायचे. काही दिसलं नाही, तर दोष आमचा. "गोंगाट केला तुम्ही. बुजली ना मंडळी!" आम्ही पोट धरून हसायचो, पण परीक्षेत हा धडा कुणाचा चुकला नाही.

दह्याच्या धड्याला प्रत्येकानं घरून वाटीभर दही आणायचं, स्लाइड बघून झाली की उरलेल्यात साखर घालून सगळ्यांनी मिळून खायचं, असा सरांचा शिरस्ता. मी बौद्धवस्तीतली. माझ्या वाटीला कुणी नावं ठेवली नाहीत, पण शेजारच्या वाट्या हळूच लांब सरकल्या. साखर घालणारी मुलगी माझी वाटी सोडून पुढं गेली. वाटी दप्तरात कोंबून घरी पळावं, असं मला झालं.

सरांनी ते पाहिलं. रागावले मात्र नाहीत. माझी वाटी उचलून त्यांनी चमचाभर दही खाल्लं, मग आणखी एक चमचा.

"कुणी लावलंय गं?"

"आईनं."

"लई झ्याक झालंय. थोडं इरजणाला घरी नेऊ का? आमची ही वारली तवापास्नं घरात दहीच लावलं न्हाई. एकट्यासाठी कोण लावतंय?"

कायम थट्टेत बोलणारे सर खाली बघत होते. मी मान डोलावली आणि त्यांनी थोडं दही आपल्या डब्यात काढून घेतलं. साखरेवाली मुलगी मागं आली, माझ्या वाटीत साखर घातली आणि पहिला घास तिनंच खाल्ला.

आज मी रांजणगावला एका कंपनीत दुधाचे नमुने तपासते. सरांचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी त्या दिवशी माझ्यासाठी नाटक केलं, असंच मी तेव्हा धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्याआधीच सर माझ्या बाकापाशी आले.

"आईला सांग, घट्ट लागलं दही. दोन वर्सांनी घरी दहीभात खाल्ला."