खोली बघणारा दत्तूमामा

माझ्या काखेत गाठ आली होती, अंग तापाने फणफणत होतं, आणि दत्तूमामा नायगावच्या एका घरवाल्याला विचारत होता, "मोरी कोणत्या अंगाला आहे?"

मी खटाऱ्यात गाद्यांच्या वळकटीवर आडवी पडले होते. एका बाजूला पाटा, दुसऱ्या बाजूला पितळेचा हंडा. अशा वेळी बायका देवाचं नाव घेतात. मला दत्तूमामाचा गळा धरावासा वाटत होता.

"मामा, मोरी गेली खड्ड्यात," मी म्हटलं. "छप्पर विचार."

"गप गं गोदे. मोरी चुकीच्या अंगाला असली की भिंत ओल धरते."

घरवाला मामाकडे बघत राहिला. "तुम्हीच ना ते? मागे येऊन गेलात. माळ्यावर चढून वासे ठोकून बघितलेत. माझ्या बायकोने सरबत दिलं, ते दोनदा प्यायलात. विचार करून कळवतो म्हणालात. झाला का विचार?"

मग त्याची नजर खटाऱ्याकडे गेली. "कोण आजारी आहे?"

"ऊन लागलंय तिला," माझ्या सासूबाई झटकन म्हणाल्या. बाहेर पौषातली थंडी होती. घरवाल्याने दार लावलं आणि आतून अडसर सरकवला.

हा दत्तूमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. देवगडकडून मुंबईला आला आणि कापसाच्या एका वखारीत कारकून झाला. आमच्या गिरगावच्या चाळीत जिन्याखाली त्याची वळकटी असायची आणि दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे. स्वतःची खोली नव्हती. पण साऱ्या मुंबईतल्या खोल्यांची भाडी त्याच्या जिभेवर. सुट्टीचा दिवस उजाडला की छत्री काखेत मारायची आणि खोली बघायला निघायचं. घ्यायला नव्हे, बघायला.

एकेका वस्तीला तो मुलूख म्हणायचा. "परळच्या मुलखात सध्या तेजी आहे," असं सांगायचा, जणू तिथला राजा याच्याशी बोलून गेलाय. "गिरगावात तू खोलीचं भाडं देत नाहीस गोदे, शेजाराचं देतेस. परळात खोली महाग नाही, माणूस स्वस्त आहे. दिवसपाळीवाले उठतात, त्याच चटईवर रातपाळीवाले निजतात. चटई कधी थंडच होत नाही. घरवाला चटईचं भाडं घेतो, आपल्याला वाटतं खोलीचं."

आणि दादर? दादर म्हटलं की तो हसायचा. "तिथे भातखाचरं. बेडूकसुद्धा भाडं देणार नाही." मी हे आता दादरच्या खोलीत बसून लिहिते आहे, आणि इथलं भाडं बेडकांना खरंच परवडणार नाही. सांगायचं काय, तर मामाचे अंदाज असे असायचे, आणि मी ते चाळभर ब्रह्मवाक्य म्हणून सांगत फिरायचे.

वस्तीची ऐपत ओळखायची त्याची एक खूण होती. नारळाची करवंटी. कुठल्याही वाडीत शिरला की आधी उकिरड्यापाशी थांबायचा, छत्रीच्या टोकाने एक करवंटी उलटी करायचा आणि वाकून बघायचा. आत पांढरं खोबरं राहिलेलं असलं तर म्हणायचा, "खाऊनपिऊन सुखी." करवंटी काळीभोर होईपर्यंत खवलेली असली की मान हलवायचा. "हात आखडलाय इथे. भाडं उतरणार." मी चांगलं लुगडं नेसून, नाकात नथ घालून शेजारी उभी, आणि येणारे जाणारे बघताहेत की कोणा बऱ्या घरची बाई उकिरडा चिवडणाऱ्याबरोबर आली आहे. लाज वाटायची. पुढे तीही गेली. आता माझी दृष्टी अधू झाली, तरी शेजारणीची करवंटी मला लांबून वाचता येते.

मी त्याच्याबरोबर कशाला जायचे, हे विचाराल. एकट्या पुरुषाला मुंबईत खोली देत नसत. उंबऱ्यातच विचारत, "बिऱ्हाड आहे का?" म्हणून मामा आम्हाला न्यायचा. मला, माझ्या घरच्यांना म्हणजे नवऱ्याला, आमच्या लेकीला चंद्रीला. घरचे छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यांना सुट्टीच्या दिवशी झोप हवी असायची. पण मामापुढे त्यांचं चालत नसे. घरवाल्याने विचारलं, "माणसं किती?" की मामाची छाती फुगायची. "आम्ही पाचजण," तो म्हणायचा. "म्हातारी धरून."

मीही कमी नव्हते. एकदा ठाकुरद्वारच्या एका घरवाल्याने मोठी हवेशीर खोली दाखवली. आमची खोली तिच्यात दोनदा मावली असती. मी नाक मुरडून म्हटलं, "देव कुठे मांडायचे? आणि वारा फार येतो हो."

"वारा फार येतो?" घरवाला बघतच राहिला.

"आमच्या चुलीला सोसणार नाही," मी म्हटलं.

जिना उतरताना मामाने माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास. वारा आजवर मलाही नव्हता सुचला." त्या दिवशी घरी परतले ती मिजाशीतच. आमच्या खोलीत धूर कोंडला होता, तो खोकत खोकत मी सासूबाईंना सांगितलं की ठाकुरद्वारची खोली मला पसंत पडली नाही.

अशा मनातल्या मनात मी किती खोल्या शेणाने सारवल्या त्याला गणती नाही. खिशात काही नसताना माणूस जेवढा चोखंदळ होतो तेवढा एरवी होत नाही.

शीवला मात्र मामा एकटा जायचा. "तिथे कोळीवाडा आणि मिठागरं. बघण्यासारखं काय आहे? मुंबईचं शेपूट ते," म्हणायचा. त्याच्या सगळ्या मुलखांत शीव शेवटचं. तरी महिना उलटला की एकदा तिकडे फेरी असायचीच. आम्ही कधी विचारलं नाही.

कोणी म्हणालं, "दत्तोबा, दुसरं लग्न करा," तर तो म्हणायचा, "आधी खोली तर मिळू दे." चाळ हसायची. मीही हसायचे. माझी सीतामामी गावालाच वारली तेव्हा मी परकर नेसत होते. मला ती आठवते ती नाकाच्या चिमुकल्या चमकीने आणि मोठ्याने हसण्याने. मामा तिचं नाव कधी काढत नसे, म्हणून आम्ही धरून चाललो होतो की तो विसरला.

मग मुंबईत गाठीचा ताप आला. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर दोघं गेले. तपासणीवाल्यांनी कौलं उतरवली, भिंतींना चुना फासला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. मामाला तर जणू मुंजीचं आमंत्रण आलं. "घाबरू नका," तो म्हणाला. "मला ओळखत नाही असा घरवाला मुंबईत नाही."

ते खरं निघालं. लालबाग, परळ, नायगाव, जिथे खटारा थांबवला तिथे त्याला ओळखलं, आणि ओळखलं म्हणूनच दार लावलं. इतकी वर्षं बघून न घेतलेल्या साऱ्या खोल्यांनी त्या दिवशी आमच्यावर सूड उगवला. परळला मला हुडहुडी भरली. नायगावला काखेतली गाठ हाताला लागली.

माटुंग्याच्या माळावर गिरगावच्या लोकांनी झावळ्यांच्या झोपड्या बांधल्या होत्या. आमच्या ओळखीची बरीच मंडळी होती. पण त्यांच्यातला एक पुढारी आडवा आला. "निरोगी माणूस असेल तर या. आजारी नको. आमचीही पोरं आहेत."

त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर दगड घेऊन उभी राहिले असते.

मामा खटाऱ्यातून उतरला आणि घरच्यांना म्हणाला, "आईला आणि चंद्रीला घेऊन तुम्ही इथे राहा. हिला मी नेतो."

"भलतंच. बायको माझी आहे," घरचे म्हणाले. "मी जातो तिच्याबरोबर."

"आणि पोरीला कोण बघेल?"

"आई आहे."

"आईला कोण बघेल?" मामा ओरडला. मी त्याला ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. "तुमच्यामागे तीन माणसं आहेत, जावईबापू. माझ्यामागे कोण आहे? छत्री. उतरा खाली."

घरचे उतरले. चंद्री माझ्याकडे यायला रडू लागली, तेव्हा मी तिला म्हटलं, "जवळ आलीस तर मारीन." दुसरं काही सुचलं नाही. सासूबाईंनी तोंडावर पदर धरला होता. तो रडण्यासाठी की तापाच्या भीतीने, मला कळलं नाही, बहुतेक दोन्हीसाठी.

खटारा शीवला कोळीवाड्यात शिरला तेव्हा ऊन उतरलं होतं. मला डोळे उघडवत नव्हते, पण सुक्या बोंबलांचा वास आला आणि एका बाईचा खणखणीत आवाज.

"आयलास का रं कारकुना? आज खटारा घेऊन?"

ही हिरूबाय. तिच्या घरामागे जाळी ठेवायची एक खोप होती, आणि तीच बघायला मामा इतकी वर्षं येत होता.

ती जवळ आली असावी, कारण आवाज अगदी वर आला. "आनलीस का येकदाची! आलीस गो बाय! किती वर्सं ऐकतंय तुजं नाव. सीता असं करते, सीता तसं हसते. मी म्हनलं, हा मानूस बायकोला गावाला म्हातारी करनार, तवा खोली घेनार."

मला ताप होता, पण कान शाबूत होते. मी डोळे मिटून पडून राहिले. आता मामाने नुसतं "हो" म्हटलं असतं तर आम्हाला छप्पर मिळालं असतं. उन्हाची चक्कर म्हणायचं, की काम झालं. साऱ्या मुंबईत दुसऱ्याचं बिऱ्हाड आपलं म्हणून दाखवणाऱ्या माणसाला यात कसली अडचण?

"ही सीता नव्हे," मामा म्हणाला. "ही माझी भाची, गोदा. गाठ आहे तिला. जवळ येऊ नकोस."

हिरूबायच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. ती मागे सरली असणार.

"आन् सीता?"

"ती गेली."

"देवा! कवा?"

बैलाच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

"तुझी खोप पहिल्यांदा बघून गेलो ना, त्याच पावसाळ्यात. मी तिला निरोप धाडला होता, खोल्या बघतोय, चांगली मिळाली की नेतो. ही अंधारी, ती ओली, त्या खोलीचा शेजार वाईट. तिच्यासारख्या बाईला कुठेही कसं आणून टाकायचं? माझं बघणं चालू होतं तोवर तिला विषमज्वर झाला."

"मग इतकी वर्सं मला सांगत होतास ती गावाला हाय म्हनून?"

"तू विचारायचीस ना," मामा म्हणाला. "बायको कशी आहे, कधी आणणार. दुसरं कोणी विचारत नसे."

मी त्याची सख्खी भाची. त्याच्या ताटात दोन्ही वेळा भात वाढणारी. मीही विचारलं नव्हतं.

हिरूबायने कोणाला तरी ओरडून खोपीतली जाळी बाहेर काढायला सांगितली आणि मामाला म्हणाली, "भाडं आदी देशील. तुजा काय भरवसा?"

मामाने भाडं दिलं. घासाघीस केली नाही. आयुष्यात त्याने घेतलेली ती पहिली खोली. तिला मोरी नव्हतीच.

हिरूबाय उंबऱ्याबाहेर पेज ठेवून जायची, मामा ती मला चमच्याने पाजायचा. गाठीवर पोटीस बांधायचा, कपाळावर ओलं फडकं. मला वांती झाली की साफ करायचा. पुरुषमाणसाने हे करायची तेव्हा रीत नव्हती. आणि सगळा वेळ बोलायचा. मी शुद्धीवर आले तेव्हा माझ्या कानावर पहिलं पडलं ते रामनाम नव्हतं, काळबादेवीचं भाडं होतं. "आता काय, रिकामी पडलीय काळबादेवी," तो म्हणत होता. "बिऱ्हाड आहे का म्हणून विचारतसुद्धा नाहीत. एकट्यालाही बोलावून देताहेत."

"मग घे ना," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

मामाने फडकं खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून हमसून हमसून रडला. मी म्हटलं, "पुरे आता, मला भूक लागली आहे."

गाठ फुटली, ताप उतरला. मामाने ती खोप सोडली नाही. शेवटपर्यंत तिथे राहिला, वखारीपर्यंत रोज तंगडतोड करत. खोल्या बघायचं मात्र बंद झालं. मी भेटायला गेले की हिरूबाय ओट्यावर बसून मासळी साफ करत असायची, आणि मामा शेजारी बसून तिला सीतामामीचं काहीतरी सांगत असायचा. मी जवळ गेले तरी थांबायचा नाही.

त्या वर्षी माटुंग्याच्या माळावर, आम्ही ज्यांना जपून दूर ठेवलं होतं त्यांच्यातल्या माझ्या सासूबाई त्याच तापाने गेल्या. घरचे राहिले, चंद्री राहिली, खोपीतून मी उठून आले आणि दत्तूमामाला काही झालं नाही.