रॉक अँड रोलसाठी पन्नास खुर्च्या

सेतुरामरावांनी कामवाल्या भवानीला "उद्या सकाळी दारात रांगोळी घालू नकोस" असं सांगितलं आणि तिथंच घोटाळा झाला. हेतू चांगला होता. अंगणात पन्नास खुर्च्या मांडायच्या होत्या. बिचारीनं उकिडवं बसून काढलेली रांगोळी लोकांच्या पायांखाली जायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण कुंभकोणममध्ये दारापुढं मांडव, मांडवात खुर्च्या आणि उंबऱ्यासमोर रांगोळी नाही, याचा अर्थ शेंबडं पोरसुद्धा सांगेल. त्या घरात कुणीतरी गेलेलं असतं. आणि त्या घरात सेतुरामराव एकटेच राहत होते.

मांडव खरं तर रॉक अँड रोलसाठी होता. तंजावरच्या दरबाराशी नातं सांगणाऱ्या घरातला हा माणूस कॉलेजात इलेक्ट्रिक गिटारच्या नादी लागला तो कायमचा. चौघांचा बँड होता. एक कॅनडाला गेला, एक देवळाच्या कमिटीत गेला, आणि ड्रम वाजवणारा स्वामीनाथ मागच्या वर्षी देवाघरी गेला. बायको जाऊन तर सहा वर्षं झाली होती. स्वामीनाथही गेल्यापासून राव कानांवर हेडफोन चढवून एकटेच वाजवत. गल्लीला त्रास नको म्हणून आवाज फक्त स्वतःच्या कानांत.

गेल्या महिन्यात मोबाइलवर कुणीतरी ठणकावून सांगितलं, की रॉक अँड रोल मेलं, यापुढं गाणी कॉम्प्युटरच करणार. रावांना ते इतकं लागलं की दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. त्यांनी 'रॉक अँड रोल: आज आणि उद्या' असं अकरा पानी भाषण लिहिलं आणि घरोघर जाऊन आमंत्रण केलं. सगळे "येतो की" म्हणाले. ते कोणत्या सुरात म्हणाले हे रावांना कळत होतं, तरी खुर्च्या त्यांनी पन्नासच सांगितल्या.

सकाळी साडेआठला मांडववाला साईकुमार खुर्च्या लावून झाल्यावर थबकला. रांगोळी नाही. दार सताड उघडं. हाक मारली तर उत्तर नाही. उत्तर कुठून येणार? राव आतल्या खोलीत हेडफोन लावून गिटारची उजळणी करत होते. साईकुमारनं मुकाट्यानं चपला काढल्या.

समोरच्या विशालाक्षीबाई बाहेर आल्या. "काय झालं रे?"

"सार गेले, अम्मा." साईकुमारनं मांडवाच्या फडक्यानं डोळे पुसले. "काल स्वतः फोन करून खुर्च्या सांगितल्या त्यांनी. शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही."

"अय्यय्यो! परवां दारांत येऊन मज म्हणाले, 'अक्का, अवश्य या.' मज कळलंच नाही हो!"

आत जाऊन कुणी पाहिलं? कुणीच नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं पाहिलं असणार. अर्ध्या तासात गल्ली लोटली. कुणी हार आणले, कुणी दुकान बंद केलं, साईकुमारनं आपल्या मनानंच प्रेत ठेवायची काचेची बर्फपेटी मागवून मांडवाच्या मधोमध ठेवली. मरणघरी तप्पूचा डफ वाजवणारा गुरुमूर्ति तिघा साथीदारांना घेऊन आला आणि कोपऱ्यावर गवत पेटवून चामडी शेकू लागला.

बरोबर दहाला काळा शर्ट घातलेले राव गळ्यात गिटार अडकवून उंबऱ्यावर आले. पन्नासच्या पन्नास खुर्च्या भरलेल्या, शिवाय माणसं उभी, कित्येकांचे डोळे ओले. त्यांना हुंदका आवरेना.

"एवढे लोक!" ते म्हणाले. "मला वाटलं होतं, कुणीच येणार नाही."

रावांनी पहिलं पान उघडून दणक्यात सुरुवात केली, "रॉक अँड रोल मेलेलं नाही!"

विशालाक्षीबाईंनी किंकाळी फोडली. दोघं खुर्च्यांसकट मागं कोसळले. मग पाणी, वारा, खुलासे, आणि खुलाशांनंतर राग.

"जिवंत आहांत तर खुर्च्या कसाला मांडल्या?" विशालाक्षीबाई कडाडल्या.

"भाषण आहे, अक्का. तुम्हाला सांगून गेलो होतो."

"मी ऑफिसांत रजा सांगितली, अण्णा," शेजारचा गिरीश कुरकुरला. "आतां तिथं काय सांगूं?"

"बसा ना मग. रजा आहेच."

पण कुणी बसलं नाही. मेलेल्या माणसाजवळ दिवसभर बसायच्या तयारीनं आलेल्यांना जिवंत माणसाजवळ दहा मिनिटं बसवेना. हार आणणाऱ्यांनी हारसुद्धा परत नेले. रावांना रडू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. लपवायचं तरी कुणापासून?

थांबले फक्त तप्पूवाले चौघं. साईकुमारच्या गाडीतून आधी बर्फपेटी परत जायची होती, त्यांना पुढच्या खेपेला जागा मिळणार होती. गुरुमूर्ति पहिल्या रांगेत येऊन बसला.

"आता आलोच आहोत, सार. वाजवा काहीतरी."

रावांनी अकरा पानं खिशात कोंबली, हेडफोनची वायर उपटून स्पीकर लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. दुसऱ्या ओळीला गुरुमूर्तिची बोटं चामड्यावर पडली. तिसरीला चौघंही उठले. स्वामीनाथ गेल्यापासून रावांच्या पाठीशी असा ठेका कुणी धरला नव्हता. काय वाजवताहेत हे त्या चौघांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांचं काही अडतही नव्हतं. गाडी परत आली, हॉर्न वाजवून दमली, तरी कुणी थांबेना.

अखेर घाम पुसत गुरुमूर्तिनं विचारलं, "सार, शुक्रवारी मोकळे आहात?"

"का?"

"तिरुभुवनमला एक आजोबा आहेत. डॉक्टरांनी शुक्रवारपर्यंतचंच सांगितलंय. घरच्यांना अंत्ययात्रेत जोरदार वाजवणारे हवेत. हे तुमचं वाद्य असलं तर आजोबांचा थाट होईल."

रावांनी गिटारचा पट्टा सावरला. पन्नास वर्षांत रॉक अँड रोलसाठी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"आजोबांची तब्येत सुधारली तर?" त्यांनी काळजीनं विचारलं.