सगळंच निळं झालं!

माझी बायको हुशार आहे, हे मी लग्नाआधीपासून चारचौघांत सांगत आलोय. एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळते. भिंतीचा नुसता पोपडा बघून ती त्या रंगाची कुंडली मांडते! त्यामुळे सासरे सकाळी टेकडीवर फिरायला गेले आणि पिशवीभर रानटी अळंबी घेऊन आले, तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो.

"आज रात्री हीच परतायची!" त्यांनी जाहीर केलं. "शिजताना चांदीचा चमचा घालायचा. काळा पडला नाही, की खुशाल खा."

"चमच्याला विष कळत नाही, बाबा," बायको म्हणाली.

"मला कळतं! तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी!"

सासरे निवृत्त मुख्याध्यापक. 'नको' म्हटलं की हटकून करणार. म्हणून बायको 'नको' म्हणालीच नाही. म्हणाली, "आपण तपासू या." आहे की नाही हुशार?

"यातल्या सगळ्यात वाईट जाती चवीला झकास असतात म्हणे," तिने समजावलं. "खाल्ल्यावर कितीतरी तास माणूस ठणठणीत! कळतं तेव्हा यकृत कामातून गेलेलं असतं."

तिने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर रानटी अळंबीचा रस टेकवला. शेजारी, तुलनेसाठी, बाजारातल्या मशरूमचा. त्यातल्याच मशरूमचं सूप आम्ही दुपारी प्यायलो होतो. डाग सुकले की त्यावर ॲसिडचा थेंब टाकायचा. निळा रंग आला, तर जीवघेण्या विषाचा संशय.

"मी गाडीतून ॲसिड, हातमोजे आणि चष्मा आणते. कागद सावलीत सुकू दे. बाकी काहीही करू नकोस," ती मला म्हणाली.

आता डाग सुकायची वाट बघणं म्हणजे म्हैस डबक्यातून आपणहून बाहेर येईपर्यंत काठावर बसणं! इस्त्री समोरच होती. मी कागदावरून ती मस्त फिरवली.

बायको आली. हातमोजे, चष्मा, ताठ मान. मला तर तिचा फोटो काढावासा वाटला! तिने पहिल्या डागावर थेंब टाकला. थोड्या वेळाने डाग निळा!

"बघितलंत, बाबा?"

सासरे ओशाळले. मग तिने बाजारातल्या मशरूमच्या डागावर थेंब टाकला. तोही निळा! मोरपिसासारखा!

"सूप!" मी ओरडलो. "मी परत मागून घेतलं होतं!"

"तुला काय होतंय?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही! एकदम ठणठणीत! म्हणजे विषच ना!"

"मलाही फार छान वाटतंय," सासरे चाचरत म्हणाले.

"बाबा, तुम्हीही गेलात!" म्हणत मी सोफ्यावर आडवा झालो. सासऱ्यांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

"लवकर या! आमचे जावई गेले! ... कधी? अजून नाही, पण जाणार आहेत! ... त्रास? अहो, काहीच त्रास होत नाही, तीच तर काळजी आहे!"

बायको मात्र जागची हलली नव्हती. तीही तेच सूप प्यायली होती, पण चेहऱ्यावर भीतीची रेष नाही! तिने ॲसिडचा आणखी एक थेंब कागदाच्या अगदी कोऱ्या कोपऱ्यावर टाकला.

कोपरा निळा झाला.

"कागदाला काय केलंस?"

"काही नाही. जरा... इस्त्री."

"उष्णतेने ही चाचणी बिघडते. म्हणून तर सावलीत म्हटलं होतं!"

तिने नवा कागद घेतला, डाग सावलीत सुकवले आणि पुन्हा थेंब टाकले. काहीच निळं झालं नाही. सासऱ्यांचा हात लगेच कढईकडे गेला.

"थांबा, बाबा! एकाच जातीच्या विषाचा हा अंदाज, तोही कच्चा. बाकीची विषं यात दिसतच नाहीत. ही चाचणी फार तर 'नको' म्हणेल. 'खा' म्हणायची तिची लायकी नाही. मघाशी तिने कोऱ्या कागदाला विषारी ठरवलं!"

सासऱ्यांनी कढईकडे पाहिलं. मग पिशवी उचलली आणि स्वतःच्या हाताने कचऱ्यात रिकामी केली. माझ्या चुकीचासुद्धा तिने पुरावा करून दाखवला! अशी बायको मिळायला नशीब लागतं.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्सवाला आत आला. "पेशंट कुठंय?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी सोफ्यावर उठून बसलो.

"काय खाल्लं?"

"बाजारातले मशरूम."

"मग काय होतंय?"

"काही नाही."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि बायकोला हळूच विचारलं, "हे नेहमीच असे असतात का?"

"उगाच त्रास झाला तुम्हाला, माफ करा," ती शांतपणे म्हणाली. "पण खरंच विष असतं, तर दुखायची वाट न बघता तुम्हाला बोलावणंच बरोबर होतं. एवढं भान सगळ्यांना राहत नाही."

माझा ऊर भरून आला. फोन सासऱ्यांनी केला होता, हे सांगायची काही ती वेळ नव्हती!