हलगी शेकायची जागा

कुंडी विकत घेताना माणूस तडा बघतो, भोक बघतो. आमचे सुदाम सर तिला टिचकी मारतात, कान लावतात आणि म्हणतात, "ह्यात बोल न्हाई." सर लांबून दिसले, की जिंतूरच्या रोपवाटिकेचा मालक चहाला निघून जातो.

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवतात; मी मुख्याध्यापक. शाळेचं अंगण सजवायचं काम मीच त्यांच्यावर सोपवलं. चूक माझीच. वाटलं, शोभेची चार झाडं लावतील. पण सरांनी जाहीर केलं, "आपल्याकडली वाद्यं अंगणात दिसली पाह्यजेत!" गोंधळ्याच्या संबळासारखी त्यांनी शेजारी-शेजारी दोन गोल आळी खणली, एक मोठं, एक लहान. दुसऱ्या दिवशी बुजवली. अंतर जास्त झालं म्हणे! पुन्हा खणली. तुणतुण्यासाठी बांबू रोवला, उपटला, फिरवून रोवला. डबासुद्धा येरझारा घालत खायचे. बघून मलाच धाप लागायची.

शेवटी हलगीसारखा गोल कट्टा झाला. छान झाला. तर सरांनी त्याच्याजवळ विटांचा खड्डा करायला घेतला.

"हे काय करायलात?"

"जाळाला जागा. हलगीचं कातडं सैल पडतंय, सर. शेकल्याबिगर वाजत न्हाई."

"शाळेत जाळ? डोकं ठिकाणावर आहे का? बुजवा तो."

एरवी माझं कसलंही म्हणणं हसून टाळणारे सर या वेळी हसले नाहीत. मग म्हणाले, "आमचे आबा लय वर्षं ह्या शाळेच्या झेंडावंदनाला हलगी वाजवायला यायचे. फाटकाबाहेर काटक्या पेटवून शेकायचे, तिथूनच वाजवायचे. आत या म्हणून कुणी म्हणलं न्हाई. मी इथंच रांगेत उभा. लाज वाटायची, वळून बी बघत नव्हतो."

त्या काळी मी इथे नवा शिक्षक होतो. रांगा सरळ करायचं काम माझंच. फाटकाबाहेरचा धूर मला आठवत होता. माणूस काही केल्या आठवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता वाजवतात?" मी विचारलं.

"हात कापत्यात. नुसतं शेकत बसतील. पण आत बसतील."

खड्डा राहिला. यंदाच्या झेंडावंदनाला आबा आले, हलगी काखेत धरून, आणि फाटकाशीच थांबले. मी धावत गेलो. "आबा, आत या."

त्यांनी मान डोलवली आणि चपला काढून बाहेर ठेवल्या. सुदाम सर सगळ्या शाळेदेखत खाली बसले आणि एकेक चप्पल बापाच्या पायात परत घातली.